रुग्णालय बांधणे आणि रुग्णालय चालविणे

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भाईंदर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



स्नेहसंमेलनाच्या आनंदाच्या प्रसंगी आजारपणाचा विषय काढणे काहींना रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. मुलांचा गुणगौरव नुकताच झाला आहे, भोजनाची वेळ जवळ येत आहे, आणि अशा वेळी वक्त्याने थोडक्यात आटोपावे हाच शिष्टाचार होय. तथापि गेल्या वर्षी याच व्यासपीठावरून एक संकल्प सोडण्यात आला होता, आणि त्या संकल्पाचा जाब आम्हीच आमच्याकडून घेतल्याशिवाय आम्हांस खाली बसता येणार नाही.

'आपल्या ज्ञातीचे स्वतःचे रुग्णालय' हा तो संकल्प. आपण सर्वांनी टाळ्यांच्या गजरात त्याचे स्वागत केले. आवाहनपत्र निघाले, आणि त्याखाली जी नावे छापली गेली त्यांत आमचेही नाव होते. कोणी मुलाच्या लग्नातला खर्च आवरून आकडा घातला, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ खोली बांधून देण्याचे वचन दिले. एका वृद्ध भगिनीने आपल्या निवृत्तिवेतनातून दरमहा रक्कम देण्याचे पत्र पाठविले. ते पत्र आम्ही जपून ठेविले आहे. आज कार्यकारी मंडळापुढे प्रश्न आहे तो असा की, या निधीतून जागा घ्यावी की नाही. ज्यांनी आवाहनपत्रावर सही केली त्यांपैकीच एक जण आज आपणांस सांगत आहे की, घेऊ नये. असे का, ते सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची उमेदीची वर्षे रुग्णालयाच्या कचेरीत आणि भांडारात गेली. नाडी पाहणारे हात आपण सर्वच जाणता. परंतु औषध कपाटात आहे की नाही, रात्रपाळीला माणूस आला की नाही, प्राणवायूची टाकी भरली की नाही, हे पाहणारे हात कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. ते हात चुकले म्हणजेच त्यांची आठवण होते. या अदृश्य कारभाराविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. भाईंदर, मीरा, काशी, नवघर, घोडबंदर ही एके काळची भातशेतीची आणि मिठागरांची गावे. १९८५ साली येथे नगरपरिषद आली, आणि २००२ च्या फेब्रुवारीत महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. दहा वर्षांत सुमारे तीन लाख माणसे वाढली. इमारती वाढल्या, दुकाने वाढली, लोकलगाडीतील गर्दी वाढली. परंतु जीव घाबरा झाला की मीरा-भाईंदरचा माणूस आजही बोरिवलीच्या, परळच्या किंवा मुंबई सेंट्रलच्या दिशेने पाहतो. उत्तन-डोंगरीकडच्या माणसास तर आधी भाईंदरला यावे लागते आणि मग पुढची वाट धरावी लागते. त्यामुळे 'आपले रुग्णालय आपल्या गावी' ही इच्छा स्वाभाविक आहे. तिच्यात आम्हांस यत्किंचितही दोष दिसत नाही.

परंतु हीच इच्छा आपल्या महानगरपालिकेने यापूर्वी केली होती, आणि तिचे काय झाले हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. भाईंदर पश्चिमेस टेंभा येथे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाने पालिकेने मोठे रुग्णालय बांधले. इमारत उभी राहिली. पण ती इमारत पूर्ण अर्थाने रुग्णालय म्हणून चालविणे पालिकेस जड गेले. दरवर्षीचा खर्च आणि तज्ज्ञ डॉक्टर ही दोन ओझी तिला पेलवेनात. न्यायालयापर्यंत प्रश्न गेला, आणि अखेर ते रुग्णालय राज्य शासनाकडे सोपविण्यात आले. २०२० च्या महामारीत याच वास्तूने करोनाच्या रुग्णांना आसरा दिला, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. ही हकीकत कोणास दूषण देण्यासाठी आम्ही सांगत नाही. जी संस्था लाखो नागरिकांकडून कर गोळा करते, तिलाही बांधण्यापेक्षा चालविणे कठीण गेले, एवढाच त्यातील बोध आहे. आपल्या संघाची वार्षिक वर्गणी किती जमते, हे चिटणीसांनी आताच वाचून दाखविले आहे.

आता थोडे हिशेब करू. हिशेब रुक्ष असतो, पण तो खोटे बोलत नाही. समजा, आपण फक्त १० खाटांचा अतिदक्षता विभाग काढला. दोन रुग्णांमागे एक परिचारिका धरली तर एका वेळी ५ परिचारिका हव्यात. आपल्यापैकी बहुतेक जण येथेच थांबतील आणि ५ जणींचा पगार मनात मांडतील. परंतु आठवड्याचे तास १६८ असतात आणि एक व्यक्ती ४८ तास काम करते. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. साप्ताहिक सुट्टी त्यात आली. पण रजा, आजारपण, बाळंतपण आणि सणवार यायचेच आहेत. ते धरले की साडेतीनाची चार-साडेचार होतात. पाच जागांसाठी २० ते २२ परिचारिका झाल्या. यात डॉक्टर नाहीत, सफाई कामगार नाहीत, यंत्रे दुरुस्त करणारा नाही, रात्री लिफ्ट चालविणारा नाही. ही माणसे या महिन्यात मिळाली तरी पुढच्या महिन्यात टिकतील असे नाही; कारण अनुभवी परिचारिकेस मुंबईतील मोठी रुग्णालये बोलावतात, आणि परदेशही बोलावतो.

प्राणवायूचा हिशेब पाहा. मोठ्या नळकांड्यात सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. रुग्णास मिनिटाला १० लिटर लागत असेल तर एक नळकांडे बारा तासही पुरत नाही. असे १० रुग्ण असले तर दिवसाला वीसहून अधिक नळकांडी लागतात, आणि ती आणणारी गाडी घोडबंदरच्या रस्त्यावर अडकली तर रुग्णाचा श्वास तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून किती शिल्लक उरली म्हणजे नवी मागणी नोंदवायची, ही रेषा आधीच आखावी लागते. आणि ती रेषा रविवारी, दिवाळीत आणि मुसळधार पावसातही पाळावी लागते. रुग्णालयाचा कारभार म्हणजे दुसरेतिसरे काही नसून अशा शेकडो रेषा रोज पाळणे होय.

आम्ही स्वतः एकदा ती रेषा पाळली नाही. ती गोष्ट आजवर आम्ही कोणत्याही सभेत सांगितलेली नाही. एका रुग्णालयात भांडाराची जबाबदारी आमच्याकडे होती. पावसाळ्याच्या दिवसांत मिठागराच्या बांधावर काम करणाऱ्या एका तरुणास सापाने दंश केला आणि रात्री त्याला आमच्याकडे आणले. सर्पविषावरील लशीच्या पहिल्या मात्रेसच साधारणतः १० कुप्या लागतात. आमच्या नोंदवहीत १२ कुप्या शिल्लक होत्या. कपाट उघडले तेव्हा मुदतीतल्या फक्त दोन निघाल्या. उरलेल्यांची मुदत केव्हाच संपली होती. दर महिन्याच्या मोजणीवर सही आमची होती. वही पाहून आम्ही सही केली होती. कपाट पाहिले नव्हते. ज्या दोन कुप्या होत्या त्या देऊन त्या मुलाला दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले. देवाच्या कृपेने तो वाचला, परंतु त्याचा पाय पूर्वीसारखा झाला नाही. काही दिवसांनी त्याची आई कागदपत्रे घेण्यास आली. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "साहेब, वहीत होतं ना, मग कपाटात का नव्हतं?"

बंधुभगिनींनो, रुग्णालय-व्यवस्थापनावर आम्ही बरेच वाचले आहे. परंतु त्या माउलीच्या प्रश्नाहून मोठा प्रश्न आमच्या वाचनात आला नाही. वही आणि कपाट यांतील अंतर हाच सगळ्या गैरकारभाराचा उगम आहे. त्यानंतर आम्ही दोन नियम केले. जिची मुदत आधी संपते ती कुपी पुढे ठेवायची आणि आधी वापरायची. आणि ज्याने माल स्वीकारला त्याने मोजणी करायची नाही, ती दुसऱ्याने करायची. नियम साधे आहेत. ते रोज पाळणे साधे नाही.

हे अंतर किती घातक ठरते, हे महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. जानेवारीच्या ९ तारखेस भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० बालके दगावली. २१ एप्रिलला नाशिक येथे पालिकेच्या रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्णांचा अंत झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, आपल्या खाडीपलीकडे, विरार येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पहाटे आग लागली आणि निदान १३ रुग्ण मृत्युमुखी पडले. आगीपासून संरक्षणासाठी २००६ सालचा कायदा या राज्यात आहे. त्यानुसार आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. दाखला हा कागद आहे. पाण्याच्या नळीत दाब आहे का, बाहेर पडण्याच्या जिन्यात जुन्या खाटा रचल्या आहेत का, रात्रपाळीच्या मावशींना अग्निशामक उघडता येतो का, हे कागद सांगत नाही. ते कोणी तरी रोज फिरून पाहावे लागते. आपण रुग्णालय काढले तर ते कोण पाहणार, याचे उत्तर आपल्या आवाहनपत्रात नव्हते.

खाटांचीही गोष्ट तशीच आहे. खाटा कमी पडल्या की आपण म्हणतो, आणखी खाटा घाला. १०० खाटांच्या रुग्णालयात महिन्याला ३,००० खाट-दिवस मिळतात. प्रत्येक रुग्ण सरासरी ५ दिवस राहिला तर ६०० रुग्णांची सोय होते. आता रुग्ण बरा झाला आहे, डॉक्टरांनी घरी जाण्यास सांगितले आहे, पण बिल तयार नाही, विमा कंपनीची मंजुरी नाही, म्हणून प्रत्येकाचा अर्धा दिवस जास्त गेला असे समजा. त्याच खाटांवर सुमारे ५५ रुग्ण कमी बसतात. एक पैसा न खर्चता, एक खाट न वाढवता, केवळ कागद वेळेवर हलविल्याने ५५ कुटुंबांची धावाधाव वाचू शकते. विमा-नियामक प्राधिकरणाने २०२४ साली असा दंडक घातला की, रोकडरहित उपचारांत घरी सोडण्याची मंजुरी कंपनीने तीन तासांच्या आत द्यावी. हा नियम आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? ठाऊक नसलेला हक्क हा पुरलेल्या धनासारखा असतो; तो घरात असूनही उपासमार टळत नाही.

आम्हांस येथे कोणी विचारील की, मग पूर्वजांनी रुग्णालये बांधली नाहीत काय? अवश्य बांधली. मुंबईतील कितीतरी रुग्णालये दानशूर घराण्यांच्या आणि ज्ञातींच्या औदार्यावर उभी आहेत. परंतु परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे उदाहरण नीट पाहावे. १९२६ साली ही संस्था सुरू झाली तेव्हा देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी केवळ पैसा दिला नाही. तेथे शिकविणारे अध्यापक हिंदी असावेत, अशी अट घातली. म्हणजे त्यांनी विटांआधी माणसांचा विचार केला. आणि रोजचा खर्च व कारभार त्यांनी पालिकेवर सोपविला. दादरचे शुश्रूषा हे नागरिकांचे सहकारी रुग्णालय १९६० च्या दशकात उभे राहिले, तेही एका ज्ञातीच्या बळावर नव्हे, तर अनेक सभासदांच्या भागभांडवलावर. खाटांच्या संख्येपेक्षा भाग घेणाऱ्यांची संख्या तेथे आधी मोजली गेली. पूर्वजांचे अनुकरण करावयाचे तर त्यांच्या दूरदृष्टीचेही करावे, एवढेच आमचे म्हणणे.

तर मग या निधीचे करावे काय? आमच्या मते तीन कामे करावीत.

पहिले, संघाच्या कार्यालयात एक रुग्णसाहाय्य केंद्र काढावे. तेथे दोन प्रशिक्षित, पगारी कार्यकर्ते असावेत. हौशी नकोत, कारण हौस रात्री दोन वाजता झोपी जाते. सार्वजनिक न्यासाच्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेपासून हे बंधन ठामपणे अमलात आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांस खुली करण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. या सोयी आहेत. पण उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधारपत्र घेऊन योग्य खिडकीशी योग्य वेळी उभे राहणारे माणूस नसते. रुग्णाचा भाऊ धावतो, पण कोठे धावावे हे त्यास कळत नाही. ते सांगणारे माणूस आपण द्यावे. आणि केंद्राच्या दारावर ज्ञातीचे नाव असले तरी आत येणाऱ्यास ज्ञाती विचारू नये. ज्या परिचारिकेने आपल्या आईला कूस पालटून दिली तिची ज्ञाती आपण विचारली होती काय?

दुसरे, ज्ञातीतील मुलामुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी, तंत्रज्ञाच्या आणि रुग्णालय-प्रशासनाच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात. आजच्या गुणगौरवात डॉक्टर आणि इंजिनियर होऊ इच्छिणाऱ्या मुलांना टाळ्या मिळाल्या. परिचारिका होईन असे सांगणाऱ्या एका मुलीला मात्र थोड्या कमी मिळाल्या, हे आमच्या कानांनी टिपले. बंधूंनो, टाळ्यांतील हा उणेपणा दूर झाल्याखेरीज या गावातील कोणतेही रुग्णालय नीट चालणार नाही.

तिसरे, गावात जी शासकीय आणि पालिकेची रुग्णालये आहेत ती आपलीच आहेत असे मानून त्यांच्याकडे लक्ष द्यावे. शासकीय रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या असतात. त्यांचे काम समजून घ्यावे, सभ्यपणे प्रश्न विचारावेत, चांगले झाले तर लेखी आभार मानावेत. आणि आपल्या स्वतःच्या वर्तनाकडेही पाहावे. एका रुग्णास भेटण्यास आपण पंचवीस जण जातो, परिचारिकेवर आवाज चढवितो, आणि मृत्यू झाला की काच फोडतो. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली राज्याला कायदा करावा लागला, ही समाज म्हणून आपणांस भूषणाची गोष्ट नाही.

ज्यांनी खोलीसाठी, वडिलांच्या नावासाठी देणगी दिली, त्यांचे मन आम्ही ओळखतो. संगमरवरावर कोरलेले नाव दिसते. मिळालेली खाट, वेळेवर आलेली मंजुरी किंवा मुदतीत असलेली कुपी दिसत नाही. म्हणून आम्ही सुचवितो की, ज्यांना आपली देणगी परत हवी असेल त्यांना ती सन्मानपूर्वक परत करावी, आणि ज्यांना नव्या कामास द्यावयाची असेल त्यांच्याकडून तशी लेखी संमती घ्यावी. निधीचा हिशेब दर तिमाहीस फलकावर लावावा. आणि तो हिशेब लिहिणाऱ्याने नव्हे, तर दुसऱ्या कोणी तपासावा. रुग्णालयास जो नियम आम्ही सांगतो, तो संघास लागू नाही असे कसे म्हणता येईल?

त्या वृद्ध भगिनीस आम्ही काल भेटलो. निर्णय बदलण्याची शिफारस आम्ही करणार आहोत, हे व्यासपीठावरून कळण्याआधी त्यांस सांगणे आम्हांस आवश्यक वाटले. त्यांनी सर्व ऐकून घेतले, आणि मग म्हणाल्या, "भाऊ, माझे पैसे इमारतीला लागले काय नि माणसाला लागले काय. फक्त लागले का, ते मला दर महिन्याला कळवा."

अध्यक्षमहाराज, आमची सूचना आम्ही सभेपुढे ठेविली आहे. ती मान्य होवो वा न होवो, आवाहनपत्रावर सही करताना जे सांगावयास हवे होते ते एक वर्ष उशिरा का होईना सांगितले.